विश्लेषण : धावपट्टी आहे, पण दिसायला हवी! पावसाळ्यात कोकणातले विमान मागे का फिरते?

सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला आणि त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात एक बातमी ठरून गेली: 'चिपीचे विमान आज रद्द'. कधी मुंबईतच उड्डाण थांबवले जाते, कधी विमान चिपीच्या डोक्यावर येऊन घिरट्या घालते आणि गोव्याकडे वळते. मग प्रवाशांचा संताप, लोकप्रतिनिधींचे पत्रक आणि हमखास विचारला जाणारा प्रश्न: मुंबईत धो-धो पावसात मिनिटामिनिटाला विमाने उतरतात, मग इथेच वैमानिक का घाबरतो?

प्रश्न रास्त आहे, फक्त तो चुकीच्या माणसाला विचारला जातो. कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाचे धैर्य कमी-जास्त असण्याशी याचा संबंध नाही. त्याच्यासमोर कोणती उपकरणे आहेत आणि खाली जमिनीवर काय बसवलेले आहे, याच्याशी आहे. हा फरक समजून न घेता 'विमान उतरवाच' असा दबाव वाढत गेला तर काय होते, याचे उत्तर नागपूरला २०२० मध्ये मिळाले आहे. त्याकडे पुढे येऊच. आधी चिपीचा सडा.

सड्यावरची धावपट्टी

वेंगुर्ले तालुक्यातील परुळे-चिपी परिसरात, कर्ली खाडीच्या दक्षिणेला जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार आहे. कोकणात त्याला सडा म्हणतात. अरबी समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. कोकणात अडीच किलोमीटर लांब सपाट जागा शोधायची तर सडा सोडून दुसरा पर्याय नसतो. सखल भागात भातशेती, माड-पोफळी, वाड्या आणि खाड्या. बाकी सगळा चढ-उतार. रत्नागिरीचा विमानतळ सड्यावर, गोव्याचा मोपा पठारावर, चिपीही सड्यावर. कारण भूगोल तेवढेच देतो.

चिपीची धावपट्टी २,५०० मीटरची आहे. या मार्गावर आजवर प्रामुख्याने आलेले विमान म्हणजे एटीआर-७२, साधारण सत्तर आसनांचे, पंख्यांचे. त्याला कोरड्या धावपट्टीवर उतरायला साधारण एक-सव्वा किलोमीटर पुरतो. म्हणजे चिपीला धावपट्टी कमी पडत नाही. उलट दुप्पट आहे. तक्रारींच्या गदारोळात ही गोष्ट कायम बाजूला पडते. अडचण धावपट्टीच्या लांबीची नाही, ती योग्य वेळी दिसण्याची आहे.

पठारावरच्या धावपट्टीचे दोन स्वभावदोष असतात. पहिला उघड आहे: धावपट्टी संपली की मोकळे मैदान नसते, उतार असतो. दुसरा डोळ्याला दिसत नाही. समुद्रावरून सरळ येणारा वारा पठाराच्या कडेवर आपटतो, वर उचलला जातो आणि कडेच्या मागे गोंधळतो. विमान नेमके उतरण्याच्या बेतात, वेग कमी आणि जमीन जवळ असताना या गोंधळातून जाते. चिपीची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. पावसाळी वारा पश्चिमेकडून येत असल्याने बहुतेक दिवस तो विमानाला समोरून मिळतो, ही या जागेची जमेची बाजू. पण बहुतेक दिवस म्हणजे सगळे दिवस नव्हेत.

कोकणातला पाऊस नागपूरसारखा नसतो

नागपूरकराच्या डोळ्यासमोर पाऊस म्हणजे दुपारी काळेकुट्ट ढग जमणे, विजांचा कडकडाट, तासाभरात रस्ते तुंबणे आणि संध्याकाळी आभाळ मोकळे. हे उंच वाढणारे, गडगडाटी ढग. विमानासाठी ते धोकादायक, पण रडारवर ठळक दिसतात, त्यांना वळसा घालता येतो आणि बहुतेकदा ते तासा-दोन तासांत ओसरतात. वर्षाकाठी नागपुरात सरासरी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर त्याच्या अडीचपट आणि आंबोलीच्या घाटात तर सहा-सातपट.

प्रमाणापेक्षाही महत्त्वाचा आहे त्या पावसाचा ढंग. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर नैऋत्येकडून बाष्पाने भरलेला वारा किनाऱ्यावर धडकतो. किनाऱ्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर सह्याद्रीची भिंत उभी. हवा भिंतीला भिडण्याआधीच वर चढू लागते, थंड होते आणि किनारपट्टीवरच ढगांचा थर पसरतो. हा थर उंच नसतो, तो बुटका असतो. पावसाचा जोर असेल तेव्हा त्याखाली आणखी फाटक्या ढगांचे तुकडे जमिनीपासून दोन-तीनशे मीटरवर धावत असतात. सड्यावर उभ्या माणसाला ते हाताशी आल्यासारखे वाटतात.

त्यात भर पडते ती किनाऱ्याला समांतर तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याची. गुजरातपासून केरळपर्यंत हा पट्टा कधी जोरात असतो, कधी क्षीण. त्यात समुद्रावर छोटी-छोटी आवर्ते तयार झाली की वाऱ्याची दिशा तासाभरात फिरते. समुद्रावरून पावसाची एक सर येते, पाच किलोमीटर दिसत होते ते एक किलोमीटरवर येते, वीस मिनिटांनी पुन्हा स्वच्छ. अर्ध्या तासाने पुढची सर.

विमानतळांवर हवामानाचा अहवाल साधारण दर अर्ध्या तासाला दिला जातो. मध्येच मोठा बदल झाला तर विशेष अहवाल निघतो. त्यात आकाशाचे आठ भाग कल्पून किती भाग ढगांनी झाकले आहेत आणि त्या ढगांचा तळ किती उंचीवर आहे हे सांगितलेले असते. आठापैकी पाच किंवा जास्त भाग झाकले की त्या थराला छत मानले जाते. मुंबईहून विमान निघते तेव्हा अहवाल चांगला असतो. सव्वा तासाने ते चिपीवर पोहोचते तेव्हा त्याच्या खाली दुसरीच सर असते. 'निघताना तर हवामान ठीक होते, मग आता काय झाले?' हा प्रवाशांचा सवाल इथून येतो. निघताना ठीक होते हेही खरे असते आणि आता नाही हेही.

डोळ्यांनी की उपकरणांनी?

आता मुख्य मुद्दा. विमान दोन प्रकारच्या नियमांनी उतरते. पहिला प्रकार दृश्य नियमांचा, व्हीएफआर. यात वैमानिकाला बाहेर पाहून, जमीन ओळखून उतरायचे असते. यासाठीची सर्वसाधारण मर्यादा अशी: जमिनीवर दृश्यमानता किमान पाच किलोमीटर आणि ढगांचे छत किमान १,५०० फूट, म्हणजे साडेचारशे मीटर. दुसरा प्रकार उपकरण नियमांचा, आयएफआर. यात विमान ढगांमधून, उपकरणांच्या आधारे ठरवून दिलेल्या मार्गाने खाली येते आणि एका ठरावीक उंचीवर वैमानिक बाहेर बघतो. धावपट्टी दिसली तर उतरतो, नाही दिसली तर इंजिनाची शक्ती वाढवून पुन्हा वर जातो.

चिपी सुरू झाला तो दृश्य नियमांच्या परवान्यावर. आता वरच्या दोन परिच्छेदांतले आकडे शेजारी ठेवून पाहावेत. परवान्याला हवे साडेचारशे मीटर उंचीवरचे छत. जुलैतले फाटके ढग दोन-तीनशे मीटरवर. म्हणजे विमानसेवेचे वेळापत्रक आखले जात होते तेव्हाच जून ते सप्टेंबरमधल्या कित्येक फेऱ्या कागदावरच अशक्य होत्या. यात पावसाने कोणाला धोका दिला नाही. कोकणात पाऊस पडतो ही माहिती ९ ऑक्टोबर २०२१ पूर्वीही उपलब्ध होती.

मुंबईच्या धावपट्ट्यांना आयएलएस आहे, नागपूरलाही आहे. आयएलएस म्हणजे धावपट्टीच्या टोकाशी बसवलेल्या अँटेनांमधून निघणारे दोन रेडिओ झोत. एक झोत डावे-उजवे सांगतो, दुसरा वर-खाली. दोन्ही जिथे छेदतात ती तीन अंशांच्या उताराची अदृश्य घसरगुंडी. पहिल्या श्रेणीच्या आयएलएसवर वैमानिक धावपट्टीपासून २०० फुटांपर्यंत, म्हणजे साठ मीटरपर्यंत न पाहता खाली येऊ शकतो आणि धावपट्टीवर ५५० मीटर दिसले तरी पुरते. साडेचारशे मीटर आणि साठ मीटर. 'मुंबईत उतरते, इथे का नाही' याचे उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये आहे.

मग चिपीसारख्या जागी आयएलएस बसवून टाका, असे म्हणणे सोपे आहे. त्यातही एक मेख आहे. वर-खाली सांगणारा झोत नीट तयार होण्यासाठी नेहमीच्या पद्धतीच्या अँटेनासमोरची जमीन बरीच सपाट लागते, कारण जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या लहरीही त्या झोताचा भाग असतात. पठाराची कड जवळ असेल तर हे गणित बिघडते. वेगळ्या रचनेच्या अँटेना वापराव्या लागतात, खर्च वाढतो. शिवाय दिवसाला एक-दोन फेऱ्या असलेल्या विमानतळाला ही यंत्रणा विकत घेणे, तिची नियमित विमान-चाचणी करून घेणे आणि माणसे ठेवणे परवडेलच असे नाही.

इथे भारताने स्वतः तयार केलेली एक गोष्ट कामी येऊ शकते आणि तिची चर्चा मराठी वर्तमानपत्रांत फार होत नाही. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभी केलेली 'गगन' यंत्रणा. जीपीएसच्या संकेतात वातावरणाच्या वरच्या थरांमुळे चूक येते आणि विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात ती जास्त येते. देशभरातली जमिनीवरची केंद्रे ही चूक मोजतात आणि दुरुस्ती उपग्रहामार्फत विमानाला पाठवतात. परिणामी विमानतळावर महागड्या अँटेना न बसवता आयएलएसच्या जवळपास जाणारे मार्गदर्शन मिळते. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचे एक एटीआर-७२ राजस्थानातील किशनगड विमानतळावर याच पद्धतीने उतरवले गेले. किशनगड छोटा विमानतळ, विमान एटीआर. चिपीचे समीकरण यापेक्षा फार वेगळे नाही.

मात्र उपकरण नियमांची परवानगी म्हणजे दिल्लीहून येणारा एक कागद, असा जो समज आहे तोही बरोबर नाही. मोठ्या धावपट्टीच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना किती जागा अडथळ्यांविना आणि समतल ठेवायची याचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. केवळ दृश्य नियमांच्या धावपट्टीला ती ७५ मीटर पुरते. उपकरण धावपट्टीला जवळपास दुप्पट, १४० मीटर लागते. म्हणजे प्रश्न पुन्हा जमिनीवर येतो, अगदी शब्दशः. कोणाची कलमे, कोणाची घरे, कोणता वीजखांब, कोणत्या टेकडीचा माथा. त्यावर दिवे, वाऱ्याची आणि दृश्यमानतेची मोजणी करणारी स्वयंचलित उपकरणे, मार्गाची आखणी आणि विमान कंपनीच्या वैमानिकांचे प्रशिक्षण. रात्री विमान उतरण्याची परवानगी हा आणखी वेगळा विषय. घोषणेत मात्र हे सगळे 'आता बारमाही सेवा' या दोन शब्दांत बसते. अशी घोषणा झाली की एकच प्रश्न विचारावा: किती फुटांपर्यंत? उपकरण नियमांतही सगळेच मार्ग सारखे नसतात. साध्या उपग्रह-मार्गावर वैमानिकाला चार-पाचशे फुटांवरच निर्णय घ्यावा लागू शकतो. उंचीचे नेमके मार्गदर्शन असेल तर त्याच्या निम्म्यावर. जुलैतल्या सकाळी विमान येणार की नाही, हे त्या आकड्यावर ठरते.

चाक आणि पाण्याचा पडदा

धावपट्टी दिसली म्हणजे काम झाले असेही नाही. वर्धा रोडवर पहिल्या पावसात दुचाकी का घसरते हे नागपूरकराला सांगायला नको. विमानात हाच प्रकार वेगळ्या पातळीवर घडतो. धावपट्टीवर पाणी साचले असेल आणि वेग पुरेसा असेल तर टायर पाणी बाजूला सारू शकत नाही, पाण्याच्या पडद्यावर तरंगते. चाक फिरणेही थांबू शकते. ब्रेक दाबून उपयोग होत नाही.

कोणत्या वेगाला हे सुरू होते याचे एक जुने आणि सुटसुटीत सूत्र नासाच्या प्रयोगांतून मिळाले. टायरमधील दाब पौंड प्रति चौरस इंचात घ्यायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे, नऊने गुणायचे, उत्तर नॉटमध्ये. एटीआरच्या टायरचा दाब सुमारे ११५ धरला तर उत्तर येते सुमारे ९६ नॉट, ताशी पावणेदोनशे-एकशे ऐंशी किलोमीटर. बोईंग ७३७ च्या टायरचा दाब सुमारे २०० धरला तर १२७ नॉट. दोन्ही विमाने साधारणपणे यापेक्षा जास्त वेगानेच जमिनीला टेकतात. म्हणजे साचलेल्या पाण्यावर उतरताना पहिली काही सेकंदे धोक्याच्या पट्ट्यातच जातात. म्हणून धावपट्टीचा उतार, पाण्याचा निचरा, पृष्ठभागावरच्या आडव्या खाचा आणि साचलेले रबर वेळच्या वेळी खरवडणे ही बिनचेहऱ्याची कामे टर्मिनलच्या काचेच्या भिंतीपेक्षा महत्त्वाची ठरतात. उद्घाटनाच्या छायाचित्रात ती दिसत नाहीत.

आणि वारा. समजा विमानाचा हवेतला वेग १४५ नॉट आहे. दहा नॉटचा वारा समोरून असेल तर जमिनीच्या तुलनेत वेग १३५, मागून असेल तर १५५. फरक वीस नॉटचा वाटतो. पण थांबवायची असते ती ऊर्जा आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हिशेब केला तर मागून वारा असताना जवळजवळ एक-तृतीयांश जास्त ऊर्जा ब्रेकना गिळावी लागते. तीही ओल्या धावपट्टीवर.

कोझिकोड, ७ ऑगस्ट २०२०

वरच्या सगळ्या गोष्टी एका संध्याकाळी एकत्र आल्या त्या केरळमध्ये. करोनाकाळातील 'वंदे भारत' मोहिमेत दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोईंग ७३७, विमानात १९० जण. कोझिकोडची धावपट्टी पठारावरची, २,७०० मीटरची. पाऊस. कॅप्टन होते विंग कमांडर (निवृत्त) दीपक साठे, हवाई दलातून आलेले अत्यंत अनुभवी वैमानिक. त्यांचे नागपूरशी नाते होते आणि ती बातमी आली तेव्हा हे शहर सुन्न झाले होते.

विमान अपघात तपास विभागाचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला आणि विमान न उतरता पुन्हा वर गेले. दुसरा प्रयत्न उलट दिशेच्या धावपट्टीवर झाला, वारा मागून होता. विमान धावपट्टीच्या सुरुवातीपासून सुमारे १,३५० मीटर पुढे टेकले. म्हणजे निम्मी धावपट्टी हवेतच मागे पडली होती. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना केली होती. विमान थांबले नाही, पठाराच्या कडेवरून खाली गेले आणि तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा जीव गेला.

अहवालाने ठरलेली कार्यपद्धती न पाळणे हे संभाव्य कारण म्हणून नोंदवले. बातम्या तिथेच थांबल्या. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जी चिपीच्या संदर्भात वाचायला हवी. कोझिकोडला कंपनीचे पुरेसे कॅप्टन नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच कॅप्टनना करायचे होते. विमान दुसरीकडे वळवले असते तर विश्रांतीचे तास मोजून ते सकाळचे उड्डाण त्यांना करता आले नसते. कोझिकोडलाच उतरण्याची ओढ यातून आली असावी, असे तपासकर्त्यांनी म्हटले आहे. कोणीही रेडिओवरून 'उतरवाच' असा हुकूम दिला नव्हता. वेळापत्रकच तो हुकूम देत होते.

अनुभवी, शिस्तीत घडलेल्या वैमानिकाच्या बाबतीत हे घडू शकते, तर दिवसाला एक फेरी असलेल्या, रद्द झाली की गावभर चर्चा होणाऱ्या, नेत्यांचे फोन जाणाऱ्या मार्गावर किती सहज घडू शकेल? विमान कंपन्यांच्या नियमावलीत गो-अराउंड केल्याबद्दल वैमानिकाला जाब विचारला जाऊ नये असे तत्त्व असते. प्रवाशांच्या नियमावलीत तसे काही नसते. 'बाकीचे उतरतात, तुम्हालाच काय झाले' हे वाक्य विमानात ऐकू येते तेव्हा ते थट्टेत घेण्यासारखे नसते. चिपीवरून मागे फिरलेले विमान म्हणजे यंत्रणा नापास झाल्याचा पुरावा नव्हे. त्या क्षणी यंत्रणेतला शेवटचा माणूस नीट काम करतो आहे याचा तो पुरावा आहे.

'हवामान' या शब्दाआड

म्हणून प्रवाशांनी गप्प बसावे असे मात्र नाही. राग योग्य ठिकाणी जायला हवा, इतकेच.

'हवामानामुळे रद्द' हा शिक्का विमान कंपन्यांना सोयीचा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार खराब हवामान ही असाधारण परिस्थिती धरली जाते; त्यामुळे उड्डाण रद्द झाल्यास वेगळी नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरे उड्डाण हा पर्याय मात्र द्यावाच लागतो आणि हे कित्येक प्रवाशांना काउंटरवर सांगितले जात नाही. विमान दुसऱ्या मार्गावर वळवले, वैमानिक उपलब्ध नव्हता, आधीच्या फेरीला उशीर झाला, ही कारणेही कोकणात पावसाच्या खात्यावर सहज जमा करता येतात. यावर उपाय महागडा नाही. उड्डाण रद्द करताना त्या वेळचा विमानतळ हवामान अहवाल आणि परवान्याची मर्यादा, असे दोनच आकडे प्रवाशांना दाखवावेत. छत आठशे फूट, मर्यादा पंधराशे फूट. वाद तिथेच मिटतो. आणि छत अडीच हजार फूट निघाले तर वाद तिथून सुरू होतो. तोही आवश्यकच आहे.

सेवेचा हिशेबही याच मर्यादेशी बांधलेला आहे. 'उडान' योजनेतून सुरू झालेली अलायन्स एअरची मुंबई-सिंधुदुर्ग सेवा तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली. गोव्याच्या फ्लाय ९१ ने २०२४ मध्ये एटीआर विमानांनीच चिपीला दुसऱ्या शहरांशी जोडले. दरम्यान जानेवारी २०२३ पासून सिंधुदुर्गाच्या सीमेला लागून मोपाचा विमानतळ सुरू झाला आहे; तिथे आयएलएस आहे, फेऱ्या भरपूर आहेत. जुलैत मालवणला जायचे असेल तर माणूस भरवशाचे तिकीट काढतो, जवळचे नव्हे. नागपूरकर तर गोव्यात उतरूनच तारकर्लीला जातो. चिपीची स्पर्धा मोपाच्या टर्मिनलशी नाही, मोपाच्या पावसाळी भरवशाशी आहे. तो भरवसा मिळेपर्यंत जून ते सप्टेंबरचे वेळापत्रक वेगळे छापणे, फेऱ्या कमी ठेवून त्या पाळणे आणि विमान गोव्यात उतरले तर पुढची बस तयार ठेवणे, एवढे प्रामाणिकपणे करता येते. रोज फेरी जाहीर करायची आणि आठवड्यातून तीनदा रद्द करायची, यापेक्षा ते बरे.

हा विषय विदर्भापासून दूरचा वाटत असेल तर बेलोऱ्याकडे पाहावे. अमरावतीचा विमानतळ १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईच्या विमानसेवेने सुरू झाला. धावपट्टी १,८५० मीटर, विमान पुन्हा एटीआर-७२ च. तिथे समुद्र नाही, सडा नाही. पण डिसेंबर-जानेवारीतली पहाटेची धुके आहेत, जूनमधली वादळी दुपार आहे आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांची हवा आहे. तापलेली हवा विरळ असते, पंखांना कमी उचलते आणि इंजिनाची ताकदही घटवते. छोट्या धावपट्टीवर त्याची किंमत कमी प्रवासी किंवा कमी सामान घेऊन चुकवावी लागते. नागपूरच्या सोनेगाव परिसरात प्रादेशिक हवामान केंद्र आहे, डॉप्लर रडार आहे, विमानतळाला आयएलएस आहे. दीडशे किलोमीटरवरच्या अमरावतीत यातले काय आणि किती मर्यादेपर्यंत उपलब्ध आहे, हे तिकिटाच्या दरासोबत जाहीर व्हायला काय हरकत आहे? पहिले रद्द झालेले विमान, पहिले पत्रक आणि 'नागपूरला उतरते, इथे का नाही' हा पहिला प्रश्न येण्याआधी ते झाले तर उत्तम.